नलूताईनं उनात पाह्यली

आमच्या अमरावतीत मुलीला स्थळ सांगून आलं, की घरातलं कोणीतरी एक जण हमखास विचारतं, "पोट्टा नलूताईनं उनात पाह्यला का?" म्हणजे नीट पारखून घेतला का, नुसत्या झगमगाटाला भुललात तर नाही ना. जुनी स्कूटर घेताना, भाड्याची खोली पाहताना, फार काय, तुरीची डाळ घेतानाही मी हे वाक्य ऐकलेलं आहे. बोलणाऱ्यांतल्या निम्म्यांना नलूताई नावाची खरीखुरी बाई आहे हे ठाऊकही नसतं. त्यांना वाटतं, असेल कुठली तरी जुनी म्हण. मी ऐकतो आणि गप्प बसतो. कारण वाक्य नलूताईंचं असलं तरी या गावाच्या भिंतींवर ते लिहिणारा हात माझा होता, आणि त्या वाक्याला एकदा खोटं पाडणारा हातही माझाच.

मी गजू पेंटर. दुकानांचे बोर्ड, सिनेमा थेटरात दाखवायच्या जाहिरातींच्या काचा, लग्नाच्या मांडवाचे 'सुस्वागतम्', निवडणुकीच्या भिंती, जे येईल ते रंगवत आलो. प्रत्येक कामाखाली कोपऱ्यात बारीक अक्षरात 'गजू' अशी सही करायची मला हौस. लोक हसत. एकट्या नलूताई हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या होत्या, सही केली की माणूस त्या कामात अडकतो. तेव्हा मला ते कौतुक वाटलं होतं.

त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते कापडाच्या एका मोठ्या दुकानात. मी बाहेर शिडीवर चढून दुकानाचं नाव रंगवत होतो. आत एका घरचा बस्ता चालला होता. लग्नाची सगळी कापडं एका बैठकीत घ्यायची आपली पद्धत, त्यामुळे पांढऱ्या गादीवर पंधरा-वीस माणसं, मध्ये साड्यांचा ढीग, आणि नवरी सगळ्यांच्या मागे भिंतीला टेकून. एवढ्यात एक उंच, सावळी बाई हातात उलगडलेली साडी घेऊन दुकानातून तरातरा बाहेर आली. तिच्या मागे नवरी, नवरीच्या मागे आई, आईच्या मागे दोन नोकर, आणि सगळ्यांच्या मागे धोतर सावरत शेठ. मला वाटलं चोरी झाली. मी शिडीवरून अर्धा खाली उतरलो.

चोरी नव्हती. ती दुकानातच साड्या दाखवायला असलेली बाई, म्हणजे नलूताई. बाईंनी नवरीला ओट्यावर भर दुपारच्या उन्हात उभं केलं आणि साडीचा पदर तिच्या खांद्यावर टाकून रंग कसा वाटतो ते तिलाच विचारलं. आत ट्यूबलाइटखाली ती साडी मोरपंखी होती. बाहेर ती विहिरीतल्या शेवाळासारखी दिसायला लागली. नवरी इतका वेळ एक शब्द बोलली नव्हती. ती हळूच म्हणाली, "हे नोको." त्या घरात त्या दिवशी नवरीला विचारलेली ती पहिलीच गोष्ट असावी. शेठचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. एवढी महाग साडी आपल्याच दुकानातली बाई रस्त्यावर नेते आणि गिऱ्हाईक ती नाकारतं, हे त्यानं आयुष्यात पाहिलं नव्हतं. पण त्याच घरानं नंतर दुसरी साडी घेतली, आणि आठवड्याभरात त्यांच्या नात्यातली आणखी तीन घरं आली. "ते उनात दाखोनारी बाई कुठी हाय?" असं विचारत आली.

नलूताई मूळच्या अकोटच्या. वडील तिथल्या जिनिंगमध्ये कापसाची प्रत ठरवायचे. चिमूटभर रुई घ्यायची, दोन्ही अंगठ्यांत धरून ओढायची, धागा किती लांब निघतो ते पाहायचं आणि एका शब्दात निकाल द्यायचा. पण हे काम शेडमध्ये करायचं नाही, बाहेर उन्हात येऊन करायचं, हा त्यांचा दंडक होता. शेडमध्ये सगळाच कापूस पांढरा असते, असं ते म्हणत. मुलीनं तीच बोटं आणि तोच दंडक उचलला. कापडाचं टोक हातात आलं की नलूताई आधी डोळे मिटून ते दोन अंगठ्यांत चोळायच्या आणि मग डोळे उघडून उन्हाकडे चालायला लागायच्या. लग्नानंतर त्या अकोल्याला राहायच्या. नवरा शाळेत मास्तर, अतिशय गरीब स्वभावाचा. रोज सकाळच्या एस्टीनं अमरावतीला यायचं आणि संध्याकाळच्या गाडीनं परत, असं त्यांनी कित्येक वर्षं केलं.

त्या प्रवासाला त्या आपली शाळा म्हणायच्या. पिशवीत एक जाड वही असायची. तिच्यात शिंप्यांकडून मागून आणलेल्या चिंध्या चिकटवलेल्या, आणि शेजारी बारीक अक्षरात नोंदी: कोणत्या गावची बाई, कोणत्या ऋतूत, काय नेसली होती, घामानं काय झालं. बाजूला बसलेल्या बाईच्या पदराला हात लावून "कुठून घेतली वो बाई?" असं विचारायला त्यांना कधी संकोच वाटला नाही. पुढे मोठमोठ्या शहरांतले लोक त्यांना विचारायला येऊ लागले, की यंदा तुमच्याकडे कोणती फॅशन येणार. तेव्हा त्या शांतपणे सांगत, "आमच्याकडे फॅशन मुंबईहून नाई येत. मूर्तिजापूरच्या स्टँडवर एस्टीत चढते." समोरचा माणूस हसे. पण ताई थट्टा करत नसत.

दुकान वाढलं तसं शेठला जाहिरात करायची इच्छा झाली. त्यानं मला बोलावून मजकूर दिला, 'स्त्रीसौंदर्याचा अलौकिक आविष्कार'. मी तो झोकदार अक्षरात कागदावर काढला. नलूताईंनी वाचला आणि विचारलं, असं कोणाच्या घरी बोलतात? शेठ म्हणाला, जाहिरात अशीच असते. ताईंनी माझ्या हातातला खडू घेतला आणि कागदाच्या मागच्या बाजूला दोन ओळी लिहिल्या:

नलूताईनं उनात पाह्यली.
आता तुमी पाहा.

शेठ हादरला. वऱ्हाडी, आणि तीही भिंतीवर! आपण घरात बोलतो ते ठीक, पण भिंतीवर शुद्धच पाहिजे, नाहीतर लोक गावंढळ म्हणतील, असं त्याचं म्हणणं. खरं सांगायचं तर माझंही तेच म्हणणं होतं. 'पाह्यली' लिहिताना माझा ब्रश दोनदा अडला. त्यापेक्षा मोठा गहजब झाला तो अकोल्याला. घरच्या बाईचं नाव गावोगावच्या भिंतींवर म्हटल्यावर सासूबाईंनी अन्न सोडायची भाषा केली. नलूताईंनी त्यांना समजावलं, की नाव लिहिण्यात लाज नाही, खोटं लिहिलं तर लाज. सासूबाईंनी ते ऐकून घेतलं आणि जेवायला बसल्या. मग ताईंनी शेठकडून एक गोष्ट कबूल करून घेतली. जो माल त्यांनी स्वतः उन्हात पाहिला असेल त्याच्याच जाहिरातीत हे वाक्य येईल. जो पाहिला नाही त्याच्यावर नाही. हा करार कागदावर नव्हता. तो शेठच्या, ताईंच्या आणि माझ्या समोर तोंडी झाला होता.

भिंती रंगल्या आणि काय सांगू, लोक थांबून वाचायचे, मोठ्यानं वाचायचे आणि हसायचे. आपण घरात बोलतो ते असं भिंतीवर छापल्यासारखं पाहून त्यांना मजा वाटत होती. महिनाभरात ते वाक्य लोकांच्या तोंडी बसलं.

मुंबईच्या एका कंपनीचा माणूस एकदा तयार जाहिरात घेऊन आला. चकचकीत कागद, सुंदर बाई, आणि खाली ठळक ओळ: 'आमची साडी पातळ नाही!' कापड विरविरीत नाही, दमदार आहे, असं त्याला सांगायचं होतं. नलूताईंनी ओळ वाचली आणि दुकान झाडायला येणाऱ्या सखूबाईंना बोलावून त्यांच्याकडून ती वाचून घेतली. आता आमच्याकडच्या जुन्या बाया साडीलाच पातळ म्हणतात. सखूबाईंनी ओळ वाचली, चित्र पाहिलं, परत ओळ वाचली आणि त्या माणसाकडे काळजीनं पाहत म्हणाल्या, "पातळ नाई तं मंग काय सोलापुरी चादर नेसली का बाप्पा ह्या बाईनं?" तो माणूस दोन दिवस राहिला. जाताना ताईंच्या वहीतली आठ पानं उतरवून घेऊन गेला. पुढे ती कंपनी वऱ्हाडातली कोणतीही जाहिरात आधी ताईंकडे पाठवायची.

ताईंकडे मुली यायच्या. नांदगाव खंडेश्वर, दर्यापूर, कुठून कुठून. कोणाची बँकेची मुलाखत, कोणी शाळेत पहिल्यांदा शिकवायला जाणार, आणि अंगावर काय घालावं ते कळत नाही. त्या पोरींना ताई आरशासमोर उभं करत नसत. चालून दाखव म्हणत. खुर्चीवर बस, खाली पडलेला कागद उचल, वरच्या फळीवरची फाइल काढ. एवढं करताना जिला एकदाही पदर किंवा ओढणी सारखी करावी लागली नाही, तिचा कपडा पास. "आंगाले इचारा, आरशाले इचारू नोका," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. माझ्या बायकोला हे वाक्य इतकं आवडायचं, की मला नवीन शर्ट शिवायचा असला तरी ती मला अंगणात वाकायला लावायची.

आता ती गोष्ट सांगतो, जी सांगायला मला इतकी वर्षं लागली.

एका उन्हाळ्यात मास्तरांचं ऑपरेशन झालं आणि ताई तीन आठवडे अकोल्याहून हलल्या नाहीत. ऐन लग्नसराई. दुकानात लाल शालूंचा मोठा माल आला. शेठनं मला बोलावलं आणि दर्यापूर रस्त्यावरच्या भिंती रंगवायला सांगितल्या. वाक्य तेच. मी विचारलं, ताईंनी पाहिला का माल? शेठ म्हणाला, येतील तेव्हा पाहतील, तोवर लग्नं काय थांबतात? मला दोन दिवस नाही म्हणता आलं असतं. अकोल्याला जाऊन ताईंना विचारता आलं असतं, दोन-अडीच तासांची तर वाट. पण हातात काम होतं, घरी गरज होती आणि मी लिहिलं. नलूताईनं उनात पाह्यली. आणि खाली, सवयीनं, 'गजू'.

दर्यापूरकडच्या एका मुलीनं तो शालू नेसला. मे महिना, भर दुपारचा मुहूर्त. घामानं लाल रंग सुटला. नवरीची मान, कंबर, नवऱ्याचा पांढरा सदरा, सगळं लाल. वरातीत लोक हसले. सासरच्या बायांनी त्यात अपशकुन काढला आणि त्या पोरीला पहिल्या दिवसापासून त्यावरून बोलायला लागल्या. मुलीचे वडील दुकानात आले तेव्हा नलूताई नुकत्याच परतल्या होत्या. वडील शेठकडे गेलेच नाहीत. ते थेट ताईंसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "बाई, आमी दुकान पाहून नाई, तुमचं नाव पाहून घेतली."

ताईंनी तो शालू हातात घेतला, डोळे मिटून टोक चोळलं. त्यांचा अंगठा लाल झाला. त्या माझ्याकडे वळल्या, आणि मला वाटलं आता सगळ्या दुकानासमोर माझे वाभाडे निघणार. त्या एवढंच म्हणाल्या, की उद्या सकाळी स्टँडवर ये.

ताईंनी स्टँडवरून भाड्याची जीप केली आणि आम्ही दर्यापूर रस्त्याला लागलो. त्या मुलीच्या सासरी सगळं घर ओसरीवर बसलं होतं. शेठनं बदली शालू द्यायला सांगितला होता, तो ताईंनी पिशवीतून काढलाच नाही. ताई त्या मुलीसमोर खाली बसल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "पोरी, तुहा काई दोष नाई. तुह्या मायबापाचा नाई. भितीवर लिवलं होतं, मी पाह्यली म्हून. मी नोती पाह्यली. खोटं माह्या नावानं झालं." मग त्या मुलीच्या सासूकडे वळल्या आणि म्हणाल्या, की बोलायचं असेल तर मला बोला, मी संध्याकाळपर्यंत इथंच बसते. शेवटी सासूनं चहा ठेवायला सांगितला. त्या मुलीचं पुढे नीट झालं. आजही दिवाळीला तिचा ताईंना फोन येतो.

माझं नाव ताईंनी तिथं घेतलं नाही. मी दाराशी उभा होतो, एका वाक्यात माझ्यावर ढकलता आलं असतं. परतताना जीप थांबवून त्या रस्त्यावरच्या त्या भिंतीपुढे उभ्या राहिल्या. मोठी अक्षरं माझी, फार देखणी आली होती. त्या म्हणाल्या, "नाव माहं हाय, सई तुही हाय. आता दोघंबी पुसू." दुसऱ्या दिवशी चुन्याची बादली घेऊन मी त्या रस्त्यावरच्या सगळ्या भिंती पुसल्या. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात मन लावून केलेलं काम तेच असेल.

शेठचं म्हणणं होतं, दोष गिरणीचा, आपण कशाला अंगावर घ्यायचं. ताईंनी ते दुकान सोडलं. पन्नाशीला आलेली बाई जुन्या कॉटन मार्केटजवळ वरच्या मजल्यावर एक खोली घेते आणि बाहेर 'कपड्यांचा सल्ला व जाहिरात' अशी पाटी लावते म्हटल्यावर गाव हसलं. सल्ला तर पारावर फुकट भेटते, असं लोक म्हणाले. खोलीत काही नव्हतं, पण समोर दिवसभर ऊन असलेली गच्ची होती. हळूहळू अमरावतीची, अकोल्याची, अकोटची दुकानं आपला माल तिथं पाठवायला लागली. गच्चीवर दोऱ्या बांधून साड्या वाळत घातलेल्या असायच्या, आणि ताई त्यांच्यातून फिरत असायच्या. ज्या मालाला त्या हो म्हणत त्यालाच ते वाक्य मिळायचं. आधी फक्त एका दुकानाचं होतं, आता ते त्यांचं स्वतःचं झालं.

खोली घेतली तेव्हा पाटीच्या वरचा मोठा बोर्ड ताई कोणाकडून करून घेतील याचा विचार करत मी घरी बसलो होतो. मला बोलावणं येणार नाही हे मी गृहीत धरलं होतं. त्या स्वतः आल्या. मी म्हणालो, ताई, माझ्याकडून? त्या म्हणाल्या, ज्यानं एकदा पुसलं तो आता इचार करून लिवते. वरच्या ओळीत 'नलूताईनं उनात पाह्यली', खालच्या ओळीत 'आता तुमी पाहा'. आणि कोपऱ्यात माझी सही असलीच पाहिजे, असं त्यांनी बजावून सांगितलं.

पुढे फ्लेक्स आले आणि माझ्या धंद्यातली निम्मी माणसं रिक्षा चालवायला लागली. ताईंनी सगळ्या दुकानदारांना सांगून टाकलं, की माझं वाक्य हातानंच लिहायचं. त्याच एका वाक्यावर माझं घर कितीतरी वर्षं चाललं. शिवाय मला रागावून कॉम्प्युटरच्या क्लासलाही घातलं. फ्लेक्सला शिव्या देत बसलेला माणूस त्यांना बघवत नव्हता. माझी मुलगी अश्विनी शिकली, आज पुण्यात चांगल्या नोकरीला आहे, त्यात माझ्या ब्रशाइतकाच त्या बाईचा हात आहे. मी हे त्यांना कधी नीट बोलून दाखवलं नाही. आमच्याकडे तसं बोलत नाहीत, आणि मी बोललो असतो तर त्यांनी विषय बदलला असता.

गेल्या हिवाळ्यात अश्विनीचं लग्न ठरलं. बस्त्याला नलूताई पाहिजेत असा तिचा हट्ट. मास्तर गेल्यापासून ताई अमरावतीलाच भाचीकडे राहतात. खोली अजून आहे, काम फारसं नाही. मी घ्यायला गेलो तेव्हा त्यांनी दारातच सांगितलं, की येते, पण मला सल्ला विचारू नका. डोळ्यांच्या मधोमध काळा डाग आला आहे. माणसं कडेकडेनं दिसतात, रंग जवळजवळ नाहीतच. हे किती दिवसांपासून, असं मी विचारलं. दिवाळीपासून, म्हणाल्या. दिवाळीपासून त्यांनी एकाही मालाला हो म्हटलं नव्हतं. मला वाटलं होतं, वय झालं, कंटाळल्या असतील.

दुकानातून साड्या मागवून बस्ता त्यांच्या गच्चीवरच केला. अश्विनी उन्हात उभी राहिली. ताईंनी पदराचं टोक अंगठ्यांत धरलं, चोळलं, कापड बरं आहे म्हणाल्या. मग रंगाचं अश्विनीलाच विचारलं. अश्विनी म्हणाली, "आजी, आत होता त्याहून थोडा फिका आहे, पण मला हाच आवडला." ताईंनी मान हलवली. आतापर्यंत हजारो नवरीमुलींना हाच प्रश्न विचारला होता, फक्त या वेळी उत्तराची गरज त्यांनाही होती.

सगळे जेवायला गेले तेव्हा त्या मला थांबवून म्हणाल्या, "गजू, बोर्डावरची वरची ओय पुसून टाक. खालची राहू दे. मले आता रंग दिसत नाई, ते वाक्य खोटं होऊन राह्यलं."

मी गच्चीवरून बोर्डाला शिडी लावली. पांढरा रंग घेतला. ते नाव माझ्या डोळ्यांसमोर होतं, माझ्या हातचं, इतक्या वर्षांच्या उन्हानं किंचित विटलेलं. माझ्यानं होईना. मी ओळीच्या आजूबाजूला थोडा ब्रश फिरवला आणि खाली उतरलो. त्या शिडीखाली स्टुलावर बसल्या होत्या, तोंड उन्हाकडे.

"गेलं का?" त्यांनी विचारलं.

"गेलं ताई."

"बरं. मंग सई कर नवी."

मी खाली उभा राहूनच बोर्डाच्या कोपऱ्याशी ब्रश नेला. 'ग' काढायला हात उचलला आणि तो तिथंच राहिला. दर्यापूर रस्त्यावरच्या भिंतीवर मी सही केली होती तेव्हा ताई अकोल्याला होत्या, त्यांना दिसत नव्हतं. आजही त्यांना दिसत नव्हतं. मी परत शिडी चढलो. डावीकडून सुरुवात केली. 'न' गेला, 'लू' गेला, आणि मग हात थांबला नाही. डोळ्यांत पाणी आल्यामुळे शेवटची अक्षरं मी अंदाजानंच झाकली. खाली फक्त 'आता तुमी पाहा' राहिलं. मग कोपऱ्यात सही केली.

शिडी दुसऱ्यांदा वाजल्याचं त्यांनी ऐकलंच असणार. मी खाली आल्यावर त्यांनी हात पुढे केला, मी माझा दिला. त्यांनी माझा अंगठा आपल्या दोन अंगठ्यांत धरून चोळला. ओला पांढरा रंग त्यांच्या बोटांना लागला.

"आता गेलं," त्या म्हणाल्या. मग तोंड पुन्हा वर केलं. "ऊन मातर चांगलं हाय आज."

मी त्यांच्या शेजारी जमिनीवर बसलो. आतून अश्विनी जेवायला हाका मारत होती, पण आम्ही दोघं थोडा वेळ तिथंच बसून राहिलो.